थोडंसं खाल्लं तर काय होतं?

(मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, थोड्याफार फरकाने.)



कार्यकारिणीने मला बोलायला सांगितलं तेव्हा माझी अट एकच होती, की भाषण तिळगूळ वाटायच्या आधी ठेवा. खाण्याच्या आधी भाषण करणाऱ्याला लोक मनातल्या मनात काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण आजचा विषयच तसा आहे. सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, पोटापाण्याचा उद्योग आयटी कन्सल्टिंगचा. पण आमच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि असं मूल ज्या घरात असतं तिथल्या आईबापांचा इम्युनॉलॉजीचा कोर्स आपोआप होतो. फी लागत नाही असं मात्र म्हणवत नाही, मेडिकल बिलं येतातच!

या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "अरे, थोडंसं खाल्लं तर काय होतं?" विचारणारी माणसं प्रेमळ असतात. बहुतेक वेळा त्यांच्या हातात लाडू असतो आणि माझ्या मुलीचं तोंड त्यांना हिरमुसलेलं दिसत असतं. आज मी त्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देणार आहे, कारण उत्तरादाखल नुसतं "नको हो काकू" म्हणून भागत नाही.

आपली पहिली अडचण भाषेची आहे. आपण म्हणतो, "मला वांग्याचं वावडं आहे." आता यात वांगं खाल्लं की अंगाला खाज सुटते असाही अर्थ होतो, आणि वांगं बघितलं की कपाळाला आठी पडते असाही होतो. एकाच शब्दात आजार आणि नखरे दोन्ही बसवल्यामुळे ऐकणाऱ्याला सोयीचा तो अर्थ तो घेतो. दूध पचत नाही, पोट डब्ब होतं, त्यालाही आपण वावडंच म्हणतो. पण त्यात दुधातली साखर फोडणारं एन्झाइम कमी पडलेलं असतं, रोगप्रतिकारक यंत्रणेचा काही संबंध नसतो. त्या माणसाने घोटभर दूध घेतलं तर खरंच फारसं काही होत नाही. मराठी पुस्तकांत ॲलर्जीला 'अधिहर्षता' असा प्रतिशब्द आहे, पण तो ऐकून कुणाला तरी फार आनंद झालाय असं वाटतं. तेव्हा मी आपला ॲलर्जीच म्हणतो.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. "तिची प्रतिकारशक्ती कमी आहे का हो? च्यवनप्राश देऊन बघा." मंडळी, प्रतिकारशक्ती कमी नाही. ती उत्तम चालू आहे, आणि दुखणं नेमकं तेच आहे. आपल्या सगळ्यांच्या घरात स्मोक अलार्म असतो. आपण मिरच्यांची खमंग फोडणी दिली की तो कोकलतो, मग कुणीतरी टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचतं. अलार्म बिघडलेला नसतो, त्याला धूर आणि फोडणी यातला फरक कळत नाही इतकंच. आता कल्पना करा, त्या अलार्मला छतातले पाण्याचे फवारे जोडलेले आहेत. फोडणीने घराचं काहीच बिघडलं नाही, पण फवाऱ्यांनी सोफा, पुस्तकं, टीव्ही सगळं गेलं. ॲलर्जीत शेंगदाणा ही फोडणी आहे. त्याच्यात विष नाही. जे काही नुकसान होतं ते आपल्याच पाण्याने होतं.

हे लक्षात यायलाही शास्त्रज्ञांना वेळ लागला. १९०१ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच संशोधक मोनॅकोच्या राजाच्या, पहिल्या आल्बेरच्या, बोटीवरून समुद्रसफरीला गेले आणि तिथे एका विषारी सागरी प्राण्याच्या विषावर काम करू लागले. परत आल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं, म्हणजे सी ॲनेमोनीचं विष घेतलं आणि कुत्र्यांना टोचून बघितलं. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला एक डोस दिला, त्याला काही झालं नाही. बावीस दिवसांनी, कुत्रा ठणठणीत असताना, तेवढाच डोस पुन्हा दिला. पंचवीस मिनिटांत नेपच्यून मेला. लशींचा तो जमाना होता, त्यामुळे एकदा सोसलं की शरीर तयार होतं अशी सगळ्यांची समजूत होती. इथे शरीर तयार झालं होतं खरं, पण उलट्या दिशेने! रिशेने याला 'ॲनाफायलॅक्सिस' म्हणजे संरक्षणाच्या विरुद्ध असं नाव दिलं, आणि १९१३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ चा, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने केलेला. त्याचा मूळ अर्थ फक्त 'वेगळा प्रतिसाद' असा आहे.

म्हणजे "मागच्या वेळी खाल्लं होतं, काही झालं नाही" या वाक्याला अर्थ नाही. पहिल्या वेळी शरीर ओळख करून घेत असतं, हल्ला नंतर होतो.

ती ओळख कशी होते ते बघू. आपल्या रक्तात अँटिबॉडी असतात, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची प्रथिनं. एकेका प्रकारची अँटिबॉडी एकेका परक्या आकाराला पकडते. त्यांचे पाच वर्ग आहेत आणि त्यातला आयजी-ई हा सगळ्यात दुर्मीळ, नेहमीच्या आयजी-जी पेक्षा हजारो पटींनी कमी. ज्याला ॲलर्जी नाही त्याच्या शरीराने शेंगदाण्याच्या प्रथिनांविरुद्ध आयजी-ई सहसा बनवलेली नसते. ज्याला आहे, त्याच्या शरीरात टी पेशींच्या एका गटाने बी पेशींना "आयजी-ई बनवा" असा हुकूम दिलेला असतो. एकदा दिलेला हुकूम लक्षात ठेवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं टिकतात. आमच्या धंद्यात चुकीची एंट्री डिलीट करता येते, इथे ती सोय नाही.

या आयजी-ई रक्तात फार दिवस राहत नाहीत. त्या जाऊन मास्ट सेल नावाच्या पेशींवर चिकटून बसतात आणि तिथे आठवडेच्या आठवडे टिकतात. मास्ट सेल हे नाव पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये दिलं. पेशीत दाणेच दाणे भरलेले दिसले, म्हणून त्याला वाटलं ही खाऊनपिऊन पुष्ट झालेली पेशी आहे. जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणजे चारून पुष्ट करणं. आपल्या 'मस्त'शी त्याचा संबंध नसावा, पण लक्षात ठेवायला सोपं! ते दाणे अन्नाचे नव्हते, दारूगोळ्याचे होते. हिस्टामीन आणि त्याचे भाईबंद त्यात ठासून भरलेले असतात. आणि या पेशी बसलेल्या असतात कुठे, तर जिथे बाहेरचं जग आत येतं तिथे. त्वचेखाली, नाकात, श्वासनलिकेत, आतड्याच्या अस्तरात आणि रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला.

आयजी-ई सापडायच्या कितीतरी आधी एक सुंदर प्रयोग झाला होता. १९२१ मध्ये जर्मनीत क्युस्टनर नावाच्या संशोधकाला माशाची ॲलर्जी होती. त्याचा सहकारी प्राउस्निट्झ मासे आरामात खाणारा. प्राउस्निट्झने क्युस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे टरारून गांध उठली! म्हणजे ॲलर्जी रक्तातल्या कुठल्या तरी वस्तूत होती, मनात नव्हती. "सगळं मनाचं आहे" असं ज्यांना अजून वाटतं त्यांच्यासाठी हा प्रयोग मी नेहमी सांगतो. ती वस्तू शोधायला पुढे पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६ मध्ये डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्याने आणि जवळपास त्याच वेळी स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेन्निश यांनी ती पकडली. १९६८ मध्ये तिचं आयजी-ई असं नामकरण झालं.

आता स्फोटाचा क्षण. शेंगदाण्याचं प्रथिन मास्ट सेलपर्यंत पोचतं. एका आयजी-ईने त्याला धरलं तर काही होत नाही. पण त्याच कणाला शेजारच्या दुसऱ्या आयजी-ईनेही धरलं, दोघींमध्ये पूल बांधला गेला, की पेशीला इशारा मिळतो. एकेका पेशीवर अशा हजारो आयजी-ई असतात, आणि त्यातल्या थोड्याच जोडल्या गेल्या तरी पुरतं. काही सेकंदांत ते दाणे बाहेर ओतले जातात. हिस्टामीनमुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरतात, म्हणून सूज येते. श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, म्हणून घरघर लागते. आतड्याचे स्नायू आवळतात, म्हणून उलटी. मज्जातंतू चाळवतात, म्हणून खाज. मग पाठोपाठ ल्युकोट्राइन वगैरे नव्याने बनवलेली रसायनं येतात. काही रुग्णांत तर सगळं शांत झाल्यावर काही तासांनी दुसरी लाट येते. म्हणूनच "आता बरं वाटतंय, चला घरी" असं करायचं नसतं.

हे सगळं फक्त कातडीत झालं तर आपण म्हणतो, अंगावर पित्त उठलं. आजी आमसुलाचं पाणी लावते, गार वाटतं, ठीक आहे. पण तेच सगळ्या शरीरात एका वेळी झालं, तर रक्तवाहिन्या सैल पडल्याने ब्लडप्रेशर कोसळतं, आणि श्वासाची वाट बंद होत जाते. ते ॲनाफायलॅक्सिस. तिथे आमसूल नाही, आणि बेनाड्रिलही पुरेसं नाही. अँटिहिस्टामीन हिस्टामीनला जागा धरू देत नाही, खाज आणि गांधी कमी करतं, पण पडलेलं ब्लडप्रेशर उचलत नाही आणि आवळलेली श्वासनलिका उघडत नाही. ते काम एकच औषध झपाट्याने करतं, एपिनेफ्रिन, म्हणजे ॲड्रेनॅलिन. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट सेललाही आवर घालतं. जाता जाता सांगतो, हे ॲड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढल्याचं १९०१ मध्ये जाहीर केलं ते न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या जोकिची ताकामिने या जपानी माणसाने. रिशेची बोट निघाली तेच वर्ष. आजार आणि औषध, दोघांची वाटचाल एकदमच सुरू झाली म्हणायची.

आता "थोडंसं" म्हणजे किती? एका शेंगदाण्यात साधारण पाव ग्रॅम प्रथिन असतं. काही संवेदनशील लोकांना त्याचा शंभरावा भाग, दोन-अडीच मिलिग्रॅम, पुरतो. म्हणजे दाण्याच्या कुटाचा चमचा आमटीत घातला आणि तोच चमचा न पुसता बटाट्याच्या भाजीत घातला, तर भाजीत दाणे 'नाहीत' असं म्हणता येत नाही. शिवाय तेच माणूस, तेवढाच दाणा, पण दरवेळी प्रतिक्रिया सारखी नसते. ताप असेल, दमा उसळलेला असेल, नुकतं पळून आलेलं असेल, तर ती वाढू शकते. मागच्या वेळी नुसती खाज सुटली म्हणून या वेळीही तेवढ्यावरच भागेल याची खात्री देता येत नाही. याच्या उलट, दाणे भाजल्याच्या नुसत्या वासाने सहसा काही गंभीर होत नाही. तेव्हा आमच्यामुळे हॉलमध्ये कुणी शेंगदाणा हे नावच काढायचं नाही, असं काही नाही बरं का!

निसर्गाने असली खतरनाक यंत्रणा ठेवलीच कशाला? बहुतेक शास्त्रज्ञांचं मत असं, की ती पोटातल्या जंतांसाठी आहे. जंत गिळून टाकण्याइतका छोटा नसतो, त्याला खाज, उलटी, शेंबूड, जुलाब अशा मार्गांनी धक्के मारूनच बाहेर काढावं लागतं. आता जंत नाहीत, फौज मात्र आहे. रिकामी फौज काय करते ते इतिहासात आपण वाचलेलंच आहे.

पण शेंगदाणाच का, आणि याच मुलाला का? इथे मला आज्यांची माफी मागायला हवी, निदान अर्धी. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असा सल्ला दिला होता. पुरेसा पुरावा नाही म्हणून २००८ मध्ये तो मागे घेतला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने एक तुलना प्रसिद्ध केली. इंग्लंडमधली ज्यू मुलं आणि इस्राएलमधली ज्यू मुलं, वंश साधारण एकच. इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट जास्त! इस्राएलमध्ये बाळांना दात येताना 'बांबा' नावाचे शेंगदाण्याचे कुरमुऱ्यासारखे फुगे देतात, इंग्लंडमध्ये देत नव्हते. मग याच गटाने ६४० बाळं घेऊन रीतसर चाचणी केली. सगळी ४ ते ११ महिन्यांची, एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे धोक्यातली. अर्ध्यांना नियमित शेंगदाणा दिला, अर्ध्यांना अजिबात नाही. २०१५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांच्या वयाला न खाणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत फक्त ३.२ टक्के.

लॅक यांची मांडणी अशी, की प्रथिनाची पहिली भेट कुठल्या दाराने होते यावर बरंच ठरतं. तोंडावाटे, आतड्यातून आलं, तर यंत्रणा त्याला पाहुणा म्हणून नोंदवते. आतड्याला रोज परकं अन्न बघायची सवयच आहे. पण एक्झिमाने फाटलेल्या त्वचेतून, घरातल्या धुळीतून किंवा तेलातून आलं, तर जखमी त्वचा धोक्याचे संदेश पाठवत असते, आणि पाहुण्याची नोंद चोर म्हणून होते. २००३ च्या त्यांच्याच एका अभ्यासात, शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीमं बाळाच्या त्वचेला लावण्याचा या ॲलर्जीशी संबंध दिसला होता.

तर आज्या म्हणत होत्या, "लहानपणापासून थोडं थोडं चाटवावं." बरोबर होतं. आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण करतातच. इथेही २०१७ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात. एक्झिमा तीव्र असेल तर ४ ते ६ महिन्यांत, आधी डॉक्टरांकडून तपासून घेऊन, शेंगदाणा सुरू करा. अख्खे दाणे मात्र नाहीत, ते लहान मुलाच्या घशात अडकतात. पण हा चमचा चोराची नोंद व्हायच्या आधीचा. नोंद झाल्यावर तोच चमचा घरच्या घरी दिला तर तो औषध राहत नाही. "थोडंसं खाल्लं तर काय होतं" याचं उत्तर म्हणूनच तारखेवर अवलंबून आहे. सवय लावायचे उपचारही आहेत, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मिलिग्रॅममध्ये मोजून करतात. ओमॅलिझुमॅब नावाचं इंजेक्शन रक्तातल्या मोकळ्या आयजी-ईला मास्ट सेलवर बसण्याआधीच पकडतं, त्याला अन्नाच्या ॲलर्जीसाठी इथे फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत ६७ टक्के रुग्णांना दोन-अडीच दाण्यांइतकं प्रथिन सोसलं, औषध न मिळालेल्यांत ७ टक्क्यांना. अर्थात ते चुकून पोटात गेलं तर संरक्षण म्हणून आहे, चिक्की खायचा परवाना नव्हे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ, कारण मराठी जेवण म्हणजे दाण्याचं कूट. साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, चिवडा, चटणी. भाजल्याने धोका कमी होत नाही, ही प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत, उलट भाजल्यावर काही बाबतीत जास्त त्रासदायक होतात. रिफाइंड शेंगदाणा तेलातून प्रथिनं जवळजवळ निघून गेलेली असतात, पण हल्ली हौसेने आणतात त्या लाकडी घाण्याच्या तेलात ती राहतात. शेंगदाणा हे कडधान्याच्या कुळातलं, त्यामुळे बदाम-काजूंची ॲलर्जी वेगळी, ती वेगळी तपासावी लागते. कोजागिरीच्या मसाला दुधात बदाम, पिस्ते, काजू सगळेच असतात, तिथे वेगळी मुलं अडचणीत येतात. आणि आजचा तीळ! १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत पाकिटावर ठळक सांगावा लागणारा तो नववा पदार्थ झाला आहे. पण कायदा दुकानातल्या पाकिटाला लागू आहे, आपल्या पॉटलकच्या डब्याला नाही.

म्हणून आज टेबलावर प्रत्येक डब्यापुढे कार्ड ठेवलं आहे. आणणाऱ्यांनी त्यावर दाणे, तीळ, काजू-बदाम, दूध, गहू, जे असेल ते लिहावं. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहा, ते आम्हाला 'काही नाही'पेक्षा शंभरपट उपयोगी पडतं. प्रत्येक पदार्थाला आपापला चमचा ठेवा. मुलांनी खाऊन झाल्यावर हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझरच्या जेलने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं.

शेवटची गोष्ट. माझ्या हातात हा सराव करायचा इंजेक्टर आहे, यात सुई नाही आणि औषधही नाही. दहा मिनिटं मी त्या खिडकीपाशी उभा आहे, प्रत्येकाने एकदा हातात घेऊन बघा, विशेषतः आजी-आजोबांनी, कारण संध्याकाळी मुलं तुमच्याकडेच असतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, कपड्यावरूनही चालतं. घट्ट दाबायचं, तीन आकडे मोजायचे, मग काढायचं. त्यानंतर ९११ ला फोन. मुलाला आडवं ठेवायचं, श्वास लागत असेल तर बसवायचं, पण उभं करायचं नाही. माझ्या मुलीचा खरा इंजेक्टर तिच्या लाल पिशवीत, पुढच्या कप्प्यात आहे, आणि ती पिशवी आज स्टेजच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर ठेवली आहे.